पुस्तक मिटा आणि लिहा

सहामाहीचे पेपर तपासून झाले आहेत. गुण तासाच्या शेवटी कळतील. आधी मी काय सांगतो ते ऐका. वह्या बंद ठेवा, यातलं काही उतरवून घ्यायचं नाही.

कार्नो इंजिनाचा प्रश्न होता. उष्ण साठ्याचं तापमान २२७ अंश सेल्सिअस, थंड साठ्याचं २७ अंश, कार्यक्षमता काढा. सूत्र जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिलं, चौकटीतही बसवलं. आणि मग निम्म्या वर्गाने २२७ आणि २७ हे आकडे तसेच्या तसे सूत्रात टाकले. उत्तर आलं ८८ टक्के. तापमान केल्व्हिनमध्ये घेतलं असतं, ३०० आणि ५००, तर ४० टक्के आलं असतं. एक गुण गेला याचा मला राग नाही. उष्णतेवर चालणारं इंजिन ८८ टक्के उष्णता कामाला लावतंय हे लिहिताना एकाचाही हात थांबला नाही, याचा राग आहे. डोकं जागं असतं तर थांबला असता.

दुसरा प्रश्न पावसाच्या थेंबाच्या आतल्या जादा दाबाचा. कितीतरी जणांनी 'चार टी भागिले आर' लिहिलं. ते साबणाच्या बुडबुड्याचं सूत्र आहे. बुडबुड्याच्या पडद्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पृष्ठभाग असतात, थेंबाला एकच असतो, म्हणून थेंबाला दोन आणि बुडबुड्याला चार. एवढं कळलेल्याला हे पाठ करावं लागत नाही. न कळलेल्याने शंभरदा पाठ केलं तरी परीक्षेच्या दिवशी दोन की चार, हा कौल देवालाच लावावा लागतो.

तुम्ही अभ्यासाला बसत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही बसता. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. आपल्या शहरात सिडकोत, गारखेड्यात, उस्मानपुऱ्यात अभ्यासिकांचे दिवे रात्री बारापर्यंत चालू असतात आणि त्यांतल्या खुर्च्यांवर तुम्हीच असता. पण त्या खुर्चीवर बसून तुम्ही करता काय? मोबाइलवर दीडपट वेगाने लेक्चर बघता. सर गणित सोडवतात, तुम्ही मान डोलावता. गाईडमध्ये प्रश्न वाचता, लगेच खालचं उत्तर वाचता, 'हां, हे येतं' म्हणता आणि पान उलटता. पुस्तकावर पिवळा, गुलाबी, हिरवा हायलायटर फिरवता, इतका की न रंगवलेली ओळ शोधावी लागते. मित्राच्या सुंदर नोट्सची झेरॉक्स काढता. यातलं एकही काम अभ्यास नाही. अख्खा दिवस तुम्ही दुसऱ्याने सोडवलेलं बघता. आखाड्याच्या कट्ट्यावर बसून आयुष्यभर कुस्त्या पाहिल्या तरी अंगाला माती लागत नाही.

हे माझं म्हातारं मत आहे असं वाटत असेल तर मोजमाप ऐका. विज्ञानाचे विद्यार्थी आहात, मोजमापाला मान द्याल. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही फेऱ्यांत फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. आठवड्यानंतर नुसतं वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांना. तुमच्या चेहऱ्यावर पेपरच्या आदल्या रात्री जी खात्री असते, ती हीच. पान ओळखीचं झालं की ते आपल्याला येतं असं वाटू लागतं. ओळखीचं असणं वेगळं आणि येणं वेगळं. परीक्षेत पान समोर नसतं.

म्हणून एकच सवय मागतोय. पुस्तक मिटा आणि लिहा. धडा वाचून झाला की कोरा कागद घ्या, आणि त्या धड्यात काय होतं ते तुमच्या शब्दांत, आकृतीसकट लिहून काढा. अडाल. दोन ओळींत अडाल. तिथेच उत्तर बघायला पान उघडलंत तर सगळं वाया. पाच मिनिटं तसेच अडून बसा. त्या पाच मिनिटांत जो त्रास होतो ना, तो टाळण्यासाठीच तुम्ही दिवसभर व्हिडिओ बघता. तो त्रास म्हणजेच अभ्यास आहे. मग पुस्तक उघडा, काय सुटलं ते वेगळ्या शाईने लिहा, आणि तीन दिवसांनी तेच पुन्हा कोऱ्या कागदावर करा. मग आठवड्याने. मग महिन्याने. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की पाठ केलेलं पहिल्याच दिवसात झपाट्याने गळतं. तेव्हा 'सर, मी केलं होतं पण विसरलो' हे कारण मला सांगू नका. विसरणार हे ठरलेलंच आहे, त्याचा बंदोबस्त करणं तुमचं काम.

आता मागच्या महिन्यातला तास आठवा. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे. जायकवाडी धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी जायकवाडीच्या पाण्याने भरायची, तर निव्वळ उंचीपोटी किमान किती ऊर्जा लागेल? वर्गात सन्नाटा. मग एक हात वर आला आणि प्रश्न आला, 'सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?'

आहे. नववीच्या पुस्तकात, 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात आहे. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. हे सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्ही सांगाल. हजार लिटर म्हणजे हजार किलो, उंचीतला फरक साधारण १०० मीटर, त्वरण ९.८. उत्तर ९ लाख ८० हजार ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा पाव युनिटाहून थोडं जास्त. पाइपातलं घर्षण आणि पंपाची कार्यक्षमता धरली तर खर्च याहून बराच वाढतो, तो हिशेब पुढचा. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, टँकर केवढ्याला पडतो हे माहीत आहे, आणि ते पाणी डोंगर चढून वर कसं येतं याचं गणित बारावी सायन्सच्या पोराला सुटत नाही?

त्याच सूत्राची दुसरी बाजू खाम नदीच्या काठावर उभी आहे. पाणचक्कीवर तुम्ही सगळे सहलीला गेला आहात, हौदापाशी फोटो काढले आहेत. दूर डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, कुठलाही पंप न लावता, काही किलोमीटर आणलं, भिंतीवर उंच चढवलं, तिथून पात्यांवर सोडलं आणि त्यावर दळण दळलं. तिथल्याच दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी. पंपाशिवाय पाणी भिंतीवर चढलं कसं? उगम भिंतीच्या माथ्याहून उंच होता म्हणून. बंद नळातलं पाणी मध्ये खाली उतरलं तरी उगमाच्या पातळीच्या आसपास पुन्हा वर येतं. बारावीच्या दुसऱ्या धड्यात तुम्ही द्रवाचा दाब शिकता, हाच तो. उंचीवर साठलेली ऊर्जा, पडताना मिळणारा वेग, फिरणाऱ्या चाकाला मिळणारं आघूर्ण, तुमच्या अभ्यासक्रमातली निम्मी यांत्रिकी त्या एका भिंतीत आहे. जायकवाडीत आपण वीज देऊन पाणी चढवतो, पाणचक्कीत पाणी उतरून काम देतं. घरी जाऊन पाणचक्कीचा एक प्रश्न स्वतः तयार करा. आकडे स्वतः गृहीत धरा आणि सोडवा. ज्याला प्रश्न तयार करता येतो, त्याला तो धडा आला असं मी मानतो. त्याच्या अलीकडे मानत नाही.

प्रयोगशाळेबद्दल बोलताना माझा आवाज चढेल, चढू द्या. साध्या लंबकाचा प्रयोग. पाच वेगवेगळ्या लांब्या, प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांचा वेळ, त्यातून गुरुत्वत्वरण. तुमच्या जर्नलमध्ये पाचही वाचनांतून ९.८१ आलंय. पाचही. शेजारच्याच्याही. त्याच्या शेजारच्याच्याही. मला सांगा, स्टॉपवॉच दाबताना माणसाचं बोट थोडं मागेपुढे होतं, दोरी मोजताना मिलिमीटरभर चूक होते, तरी पाच वेळा दुसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत तेच उत्तर कसं येतं? ते लंबकातून आलेलं नाही, गेल्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून आलंय. आणि ज्या आकड्यासाठी एवढी लबाडी केलीत, तो आपल्या गावाचा आकडाही नाही. ९.८१ हे साधारण ४५ अंश अक्षांशाजवळचं मूल्य. आपण २० अंशांच्या जवळ आणि डेक्कनच्या पठारावर आहोत, इथे ते ९.७८ च्या आसपास भरतं. तुमच्यापैकी कोणी प्रामाणिकपणे मोजून ९.६ आणलं असतं आणि खाली लिहिलं असतं की स्टॉपवॉच थांबवायला मला दर वेळी थोडा उशीर झाला असावा, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागतात. चाळीस सेकंद! एवढा वेळ तुम्हाला दोरीकडे बघायला नाही?

प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत आणि ते बहुतेक सगळ्यांना मिळतात, हे मला माहीत आहे. क्लासशी जोडलेल्या, नावापुरत्या प्रवेशाच्या कॉलेजांत मुलं वर्षभर प्रयोगशाळेचं दार बघत नाहीत, हेही सगळ्यांना माहीत आहे. शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. त्या व्यवहारात मोठी माणसं दोषी आहेत, पोरं नाहीत, आणि त्या मोठ्या माणसांना मी जिथे भेटतो तिथे हेच ऐकवतो. पण खोटं वाचन लिहिणारा हात तुमचा असतो. उद्या तुमच्यातलं कोणी घाटी रुग्णालयात रुग्णाचा रक्तदाब मोजेल, कोणी पुलाच्या काँक्रीटचा नमुना तपासेल. आकडा अपेक्षित आला नाही म्हणून बदलायचा ही सवय तिथे कोणाचा तरी जीव घेईल. कॉपीमुक्त अभियान फेब्रुवारीत भरारी पथकं घेऊन येतं. जर्नलमधल्या कॉपीवर कुठलंच पथक येत नाही, म्हणून ती आज इथे मी पकडतोय. परवापासून प्रत्येकाने लंबकाची वाचनं पुन्हा घ्यायची. पेनाने लिहायची, खोडायचं नाही.

अकरावी वाया घालवलेल्यांसाठी दोन वाक्यं. सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीचा आहे, आणि बारावीची बहुतेक प्रकरणं अकरावीच्या पायावर उभी आहेत. दहावीनंतर दम खायचं वर्ष समजून ज्यांनी ती पुस्तकं रद्दीत घातली, त्यांनी ती औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांतून जुनी का होईना, आजच परत आणावीत.

मराठी माध्यमातून आलेल्यांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. दहावीपर्यंत संवेग आणि त्वरण शिकलात, आणि अकरावीच्या पहिल्याच दिवशी अख्खं पुस्तक इंग्रजीत हातात पडलं. तुम्ही घाबरलात आणि गप्प झालात. समजत नाही म्हणून वाक्यंच्या वाक्यं पाठ करू लागलात. हा अन्याय आहे हे मी मान्य करतो. पण पाठांतराने तो दूर होणार नाही, उलट पक्का होईल. इंग्रजी व्याख्या वाचली की ती आधी स्वतःशी मराठीत सांगा, तुमच्या घरच्या मराठीत, कन्नडच्या, गंगापूरच्या, अंबडच्या. आईला समजेल अशी सांगा. मराठीत सांगता आली की इंग्रजीत लिहिणं ही शब्दांची बाब उरते, आणि ते शब्द दोन महिन्यांत येतात. जी गोष्ट कुठल्याच भाषेत कळलेली नाही, ती इंग्रजीत पाठ करून तुम्ही फक्त आपली भीती झाकता. फुलंब्रीकडून एसटीच्या मोफत पासवर रोज येणारी एक मुलगी याच वर्गात आहे, नाव घेणार नाही. सकाळी बसमध्ये जागा मिळाली की ती मांडीवर कोरा कागद ठेवते आणि कालची सिद्धता न बघता लिहिते. हर्सूल आलं की पुस्तकाशी ताडून बघते. तिच्याकडे अभ्यासिका नाही, टॅब नाही, रंगीत नोट्स नाहीत. पण तिच्या पेपरात कार्यक्षमता ४० टक्के आहे.

प्रश्न विचारत नाही तुम्ही. तास संपताना मी रोज विचारतो, काही अडलं का, आणि रोज शांतता. मग बाहेर व्हरांड्यात एकमेकांना विचारता, सरांनी ते मधलं पद कुठून आणलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात कॉलेज काढलं आणि त्याला मिलिंदाचं नाव दिलं. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. भिक्खू नागसेनासमोर बसून एकामागून एक प्रश्न विचारत राहिला, उत्तर पटेना तर पुन्हा उलटून विचारत राहिला, म्हणून तो लोकांच्या लक्षात आहे. राजाला विचारताना कमीपणा वाटला नाही. ज्या शहरात असं नाव दिलेलं कॉलेज आहे, तिथला विद्यार्थी तोंड मिटून बसतो हे मला सहन होत नाही. एकच अट आहे. 'सर, हे समजलं नाही' असा प्रश्न आणू नका. कुठपर्यंत समजलं आणि नेमकी कुठली ओळ अडली, हे सांगा. त्यासाठी आधी स्वतः अडावं लागतं.

एकाच प्रकारची पंचवीस गणितं ओळीने सोडवता, त्याबद्दलही बोलतो. पहिली दोन सुटली की पुढची तेवीस हात सोडवतो, डोकं नाही. डग रोरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. एकेका प्रकारची ओळीने सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तर ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून सोडवणारे ६३ वर राहिले. कारण उघड आहे. परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. कुठलं सूत्र लावायचं हे ओळखणं हाच निम्मा प्रश्न आहे, आणि त्या निम्म्याचा सराव तुम्ही कधीच केलेला नाही. म्हणून क्लासच्या टेस्टमध्ये, जिथे एकाच धड्याचा पेपर असतो, तुम्ही चमकता आणि सहामाहीत पडता.

चुकांची एक वही करा. शंभर पानी पुरे. पेपर मिळाला की गुण बघून घडी घालता, ते बंद. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्या वहीत पुन्हा सोडवायचा, आणि का चुकला ते एका वाक्यात लिहायचं. 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या वहीत मला दिसता कामा नये. व्यास दिला होता आणि मी त्रिज्या समजलो. चिन्ह उलटं घेतलं. केल्व्हिन केलं नाही. असं लिहा. दहा पानं भरली की दिसेल, तुम्ही नव्या चुका करतच नाही, त्याच तीन-चार पुन्हा पुन्हा करता.

झोपेचं काय? रात्री दोनपर्यंत जागून सकाळच्या तासाला बाकावर डुलता. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. जे वाचलं ते झोपेतच पक्कं होतं. दहा वाजता मोबाइल आईकडे द्या आणि झोपा. यावर चर्चा नको.

हे पालकांनाही सांगा. तुमचे वडील कापूस विकून, आई शिवणकाम करून तुमच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे पाठवतात, आणि फोनवर विचारतात, बाळा, किती तास बसलास? तुम्ही सांगता, दहा तास, आणि ते समाधानाने फोन ठेवतात. त्यांना सांगा, तास विचारू नका. विचारा, आज काय सोडवलंस, मला समजावून सांग. त्यांना भौतिकशास्त्र येत नसेल, पण पोरगं समजावताना अडखळतंय की नाही, हे कुठल्याही बापाला कळतं.

उद्या पहिला तास माझा आहे. गाईड आणि मोबाइल घरी ठेवून या. पेन, कंपास आणि चार कोरे कागद एवढंच आणायचं. दहा प्रश्न देईन, अकरावी आणि बारावी दोन्हींतले, मिसळून. कुठल्या धड्यातले ते सांगणार नाही. गुण वहीत धरणार नाही, पण प्रत्येकाचा कागद मी वाचणार आहे, आणि ज्याने प्रश्न न सोडवता कोरा सोडला त्याला एक विचारणार आहे, तू किती वेळ अडून बसला होतास? आता एकेक करून पुढे या आणि आपले पेपर घेऊन जा.